गोणपाटाची एकशेऐंशी फुलं

१२ जानेवारी

मावशी,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं, त्या दिवशी मी बहुतेक नदीवर होतो. तेव्हा ते सगळं लिहिलंय असं समज आणि पुढे वाच. फोन केला असता, पण गोदामातल्या यंत्रांच्या खडखडाटात जन्म काढल्यामुळे तुला फोनवर निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागे मी बोटीवर काम मिळालंय म्हणालो, तर तू महिनाभर सगळ्यांना सांगत होतीस की पोराचं बोट मोडलंय.

तर, ताईकडे पोचलो. दार तिनेच उघडलं. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बर्फ आणलास?" एवढंच. मग आत घेतलं. तिचं लग्न ठरल्याचं जेवण होतं त्या दिवशी मी "बर्फ घेऊन येतो" म्हणून जो गेलो तो आत्ता उगवलो, आठ महिन्यांनी, हे तिने या एका वाक्यात उरकलं. मला वाटलं होतं तासभर तरी ऐकावं लागेल.

येताना बसमध्ये शेजारी एक घड्याळवाला होता. मांडीवर पाच भिंतीवरची घड्याळं, पाचही चालू, पाचांची टिकटिक वेगळी. मी म्हटलं बंद का नाही करत, तर म्हणे प्रवासात बंद ठेवली की रुसतात. हातात हात देऊन पत्ता दिला, म्हणाला स्थिर हाताचा माणूस हवा असतो मला. माझा हात स्थिर आहे हे याला कुठून कळलं? असो. कुठे होतो मी?

हां, लग्न. १ मार्चला आहे. तू मला ताईचा निरोप वाचून दाखवलास ना, "तुझ्या हातचं काम आहे, तुझ्याशिवाय होणार नाही"? मी वाटभर तेच घोळवत आलो. असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. लोक म्हणतात, तू नसलास तरी चालेल. तर काम असं आहे. ताई म्हणते, लग्न थीमचं करायचं, म्हणजे सगळी सजावट एकाच ढंगाची. थीम काय, तर बर्लॅप. मी म्हटलं ते काय असतं? तिने मासिकातलं चित्र दाखवलं.

"ताई, हे गोणपाट आहे."

"तेच."

"म्हणजे पोती."

"हो रे बाबा, पोती. येतात ना तुला?"

आता मला जगात तेवढं एकच येतं, तेही तुझ्या कृपेने. तुझ्या गोदामात सात महिने पोती शिवली. कुठेही सात आठवडे न टिकलेला माणूस मी. रोज सकाळी आदल्या दिवशीचं माझं शेवटचं पोतं उसवलेलं सापडायचं, ते पुन्हा शिवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. त्या उंदरांवर मी किती शिव्या खर्च केल्या.

यादी ऐक. बारा टेबलांना बारा पट्ट्या. त्रिकोणी पताकांची माळ, अख्ख्या हॉलभर. बाटल्यांना झबली. आणि खुर्च्यांच्या पाठीला बांधायला एकशेवीस फुलं. मागच्या खोलीत काम मांडलंय. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे तुला माहीतच आहे, तर खोलीत भिंतीला अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं खाली बारीक. त्याच्यासमोर मी आणि गोणपाटाचा गठ्ठा.

अडचण अशी की कात्री लावली की कडा सुटतात. सकाळी चौकोन कापला, दुपारपर्यंत त्याला दाढी आली. पोत्याच्या कडा तर आपल्याकडे आयत्याच विणून यायच्या. हे थांबवायचं कसं? लवकर लिही, माझी पार दशा झाली आहे.

तुझं भिरभिरं

—

१८ जानेवारी

भिरभिऱ्या,

तू गोणपाट डोळ्यांच्या अंदाजाने कापतोयस, हे मला इथे बसून दिसतंय. तुझं कापणं आणि तुझं वागणं, दोन्ही तिरकं.

नीट वाच. आधी कडेपासून हवं तेवढं अंतर मोज. तिथला एकच धागा सुईच्या टोकाने उचल आणि सावकाश ओढ. घाई केलीस तर मधेच तुटेल, मग तुटल्या जागेपासून पुन्हा शोध. अख्खी दशी निघाली की कापडात एक सरळ बारीक वाट दिसते. कात्री त्या वाटेवरून चालव. मग कडेचे धागे मुद्दाम बोटभर सोडव आणि त्याच्या आत सुतळीने टाके घाल. जे सुटणारच आहे ते आपण ठरवू तेवढंच सुटू द्यायचं. एवढंच आहे ते.

सोबत माझं दाभण पाठवते. वाकडं टोक आहे म्हणून फेकून देऊ नकोस, त्या वाकड्या टोकानेच फुलाची गाठ बसते. एकवीस वर्षं माझ्या हातात आहे. हरवलंस तर तोंड दाखवू नकोस. हरवलं नाहीस तरी इतक्यात दाखवू नकोस, तिकडेच थांब.

ताईला सर्दी वगैरे आहे का?

मावशी

—

२७ जानेवारी

मावशी,

दशी जमली. पहिल्या दिवशी एकोणीस तुटल्या, विसावी आली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसासारखी. मी ती उचलून खिडकीत धरून बघत बसलो. तेवढ्यात समोरच्या गच्चीवर एक माणूस पाण्याच्या टाकीत उतरताना दिसला आणि टाकीतूनच गायला लागला. काय आवाज घुमतो टाकीत. अर्धा तास गेला. पण ते जाऊ दे.

तक्रार वेगळी आहे. ताईला काहीही पसंत पडत नाही.

सोमवारी चाळीस फुलं तयार करून टेबलावर रांगेत लावली. सारखी, गोल, मधे सुतळीची गाठ. ताई कामावरून आली, दारातूनच बघितलं, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. नाकाला रुमाल लावून म्हणते, "पाकळ्या फार आहेत."

"किती हव्यात?"

"पाच."

"सात आहेत. दोन कापतो."

"कापू नकोस, वाईट दिसेल. पुन्हा कर."

पुन्हा केली. पाच पाकळ्यांची. बुधवारी म्हणते, बोडकी वाटतात, सहा कर. मावशी, पाचांचं सहा करता येत नाही. फूल अख्खं उसवावं लागतं. मी म्हटलं, "ताई, तू चष्म्याच्या दुकानात आहेस ना, एकदा स्वतःचे डोळे तपासून घे." तर हसली आणि हसता हसता शिंकली. सतत शिंकते. डोळे लाल. मी म्हटलं औषध घे, तर म्हणे लग्नाची सर्दी आहे, लग्न झालं की जाईल. असली सर्दी असते का?

भाऊजी, म्हणजे होणारे, रोज संध्याकाळी डोकावून जातात. ते लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं इतकं कमी की आपणच आपला मजला सांगायचा. परवा बराच वेळ फुलांकडे बघत उभे राहिले. मी विचारलं, "कशी वाटतात?" म्हणाले, "मला पहिलीच बरी वाटली होती." आणि गेले.

पट्ट्या बाराही झाल्या होत्या. काल ताई म्हणाली, आणखी हात हातभर लांब हव्यात. तिने दिलेल्या मापाच्याच होत्या. मापाचा कागद दाखवला तर म्हणते, "तेव्हा तसं वाटलं होतं, आता असं वाटतं." माझ्या बोटांना सुतळीने चिरा पडल्यात. सगळीकडे तंतू. चहात तंतू, उशीत तंतू, दाढीत तंतू. अंगाला गोणपाटाचा रॉकेलसारखा वास येतो. माणूस स्वतःच्या लग्नासाठी सजावट करून घेतोय की कोणाचा सूड उगवतोय?

तू तिला दोन ओळी लिही ना. तुझं ऐकेल ती.

भिरभिरं

—

२ फेब्रुवारी

भिरभिऱ्या,

ती म्हणते तसं कर. लग्न तिचं आहे. उसवलेली सुतळी फेकू नकोस, ओली करून ताणून ठेव, पुन्हा वापरता येते. चिरांना रात्री तेल लाव.

पाच पाकळ्या, सहा पाकळ्या, तुला काय फरक पडतो? तुला कुठे जायचंय?

गोदामात सगळं ठीक. तुझ्या जागेवर एक नवी बाई आली आहे, हात चांगला आहे, पण तोंड बंदच. तुझी बडबड नसल्याने यंत्रांचा आवाज फार ऐकू येतो.

जास्त लिहीत नाही.

मावशी

—

११ फेब्रुवारी

मावशी,

"जास्त लिहीत नाही." बरोबर. जास्त दुसरीकडे लिहितेस ना.

काल सकाळी माझी कात्री बोथट झाली म्हणून ताईच्या टेबलाचा खण उघडला. वर चष्म्याच्या काड्या, खाली एक पाकीट. तुझं अक्षर मी लांबून ओळखतो, पोत्यांवर नंबर घालून घालून तसं चौकोनी झालंय. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. वाचलं. आता पाठ आहे, ऐक.

"त्याच्या हाताला काम संपू देऊ नकोस. काम संपलं की तो गेलाच. केलेलं नापसंत कर, माप बदल, आकडा वाढव. चिडेल. चिडू दे. चिडलेला माणूस निदान खोलीत तरी असतो."

म्हणजे सात पाकळ्या बरोबर होत्या. पट्ट्यांचं मापही बरोबर होतं. एक महिना मी बरोबर केलेलं उसवत बसलोय. आणि परवाच तिने एकशेवीसची एकशेऐंशी फुलं केली, म्हणे पाहुणे वाढले. हॉलवाल्याला विचारलं मी. खुर्च्याच एकशेवीस आहेत.

वर भाऊजींना धरलं. जिन्यात गाठलं, लिफ्ट बंद होती, ते बसले होते उघडून. मी विचारलं, ताईला गोणपाट आवडतं का? त्यांनी पेचकस खाली ठेवला. म्हणाले, "तिला ते सोसत नाही. लहानपणापासून. त्या तंतूंनी तिचं नाक, डोळे, सगळं. डॉक्टर म्हणाले घरात आणू नका." मी म्हटलं मग? "मग काय. तुला दुसरं काही येत नाही." आणि पेचकस उचलला. त्यांचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि ते हे निघालं.

तुझ्या हातचं काम आहे, तुझ्याशिवाय होणार नाही. मी ते वाक्य खरं धरलं, मावशी. घड्याळवाल्याला फुशारकीने सांगितलंसुद्धा, माझ्याशिवाय तिकडे लग्न अडलंय. तुम्ही दोघींनी मला लहान पोराला वाळूत बसवतात तसं बसवलं, खेळ बाबा, घर बांध, आम्ही मोडतो.

ताईला अजून बोललेलो नाही. बोललो तर काहीतरी भलतंच बोलेन. एकशेऐंशी करतोय. सात पाकळ्यांची. आज एकशेचार झाली. पूर्ण करीन, मग कोणी म्हणायला नको की अर्धवट टाकून गेला. मग येतो मी.

तुझं दाभण पोस्टाने पाठवीन.

(सहीची गरज नाही)

—

१४ फेब्रुवारी

भिरभिऱ्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ते लिहिलं मीच. नाही म्हणणार नाही आणि माफीही मागणार नाही.

वर अजून एक सांगते, एकदाच सगळं चिडून घे. गोदामात उंदीर कधीच नव्हते. तुझं रोजचं शेवटचं पोतं मी उसवत होते. तू घरी गेलास की चार टाके काढायचे. सकाळी तू यायचास, ते बघायचास, शिव्या द्यायचास आणि बसायचास. सात महिने. ताईने विचारलं, मावशी, तुमच्याकडे तो टिकला कसा? तेव्हा मी तिला युक्ती सांगितली. गोणपाट मात्र तिचं तिनेच निवडलं. मी म्हटलं होतं, अगं तुला सोसत नाही, त्याला दुसरं काहीतरी दे. तिने उलट लिहिलं, "दुसरं काही दिलं तर त्याला कळेल की उगाच बोलावलंय. हे त्याला येतं. येतं त्या कामाला माणूस थांबतो."

त्या जेवणाच्या दिवशी काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. तू बर्फ घेऊन येतो म्हणालास. ताईने कोणाला पाणी घेऊ दिलं नाही, म्हणे थांबा, बर्फ येतोय. तास गेला, दोन तास गेले. लोक कोमट पाणी प्यायले आणि घरी गेले. लग्न तेव्हा महिन्याभरात व्हायचं होतं. तिने पुढे ढकललं, म्हणाली तो येतो म्हणालाय. आई-बाबांच्या मागे तुला तिने वाढवलंय, तिच्या बाजूने उभं राहणारं दुसरं कोण आहे? आठ महिने तो लिफ्टवाला एक शब्द न बोलता थांबला. मग बोलला एकदाच, की या वेळी तारीख बदलणार नाही. त्याचंही बरोबर आहे.

आता तुला जायचं असेल तर जा. पण माझं एक ऐक. तिच्यासमोर उभा राहा, डोळ्यांत बघ आणि "जातो" म्हण. "येतो" म्हणू नकोस. तुझ्या त्या येतोवर ती आठ महिने बसली होती. जातो म्हणालास तर रडेल, ओरडेल, पण लग्न तरी लावून घेईल.

दाभण पोस्टाने पाठवू नकोस. टोक पाकिटातून बाहेर येतं.

मावशी

—

१९ फेब्रुवारी

मावशी,

तो गेला.

काल संध्याकाळी दुकानातून आले तर मागची खोली झाडलेली. मावशी, झाडलेली. त्याने उभ्या जन्मात कधी केरसुणी हातात घेतलेली नाही. फुलं नाहीत, पट्ट्या नाहीत, माळ नाही, बाटल्यांची झबलीसुद्धा नाहीत. अक्षरांच्या तक्त्यावर एक गोणपाटाचा लांब तुकडा टाचलेला, त्याच्या अगदी उजव्या टोकाला लाल सुतळीने शिवलेलं: येतो.

पुन्हा येतो. शिवून ठेवलाय, म्हणजे पुसलाही जाऊ नये.

खणातलं तुमचं पाकीट उलटं पडलंय, तेव्हा त्याने वाचलं हे कळलं. चिडला असेल, सगळं नेऊन कुठे नाल्यात फेकलं असेल. फेकू दे. सजावटीचं मला काय. मला ते गोणपाट नकोच होतं, डोळ्यांत औषध घालून घालून मी दुकानात लोकांना चष्मे लावतेय आणि मलाच दिसत नाही. पण मी चुकले. तुमचं ऐकून चुकले असं म्हणत नाही, माझीच चूक. एकदा तरी म्हणायला हवं होतं की छान झालंय. पहिली चाळीस फुलं इतकी सुरेख होती, मावशी. मी दारातच थांबले कारण आत गेले असते तर एखादं उचलून घेतलं असतं.

यांनी तुकडा बघितला, म्हणाले, "येतो लिहिलंय ना, मग?" मी म्हटलं तुम्हाला त्याचा येतो माहीत नाही. या वेळी मी तारीख बदलणार नाही. यांच्यावर तशी वेळच आणणार नाही. पण तुमच्या गोदामाकडे कोणी त्याला बघितलं तर एवढंच सांगा, की रागावलेले नाही. किंवा सांगा रागावले आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा. मला काही सुचत नाही.

त्या तुकड्याला हात लावला तरी शिंका येतात. काढून ठेवायला मन होत नाही.

तुमची भाची

—

२० फेब्रुवारी

बाळे,

तुझं पत्र आत्ताच हातात पडलं. हे उत्तर गोदामाच्या ट्रकवाल्याच्या हाती देते, म्हणजे आजच्या आज पोचेल.

तो माझ्यासमोर बसलाय. अंगणात. गुडघ्यापर्यंत पाण्यात.

परवा दुपारी दारात उभा राहिला तर मी ओळखलं नाही, समोर नुसतं गाठोडं दिसत होतं, खाली दोन पाय. मी म्हटलं, "कुठे निघालास?" म्हणाला, "कुठेही." म्हटलं, "कुठेही जायला एकशेऐंशी फुलं कशाला लागतात?" मग हळूहळू निघालं. थांब्यावर लांबची बस आधी आली होती. चढला नाही. का, तर म्हणे गाठोडं दारातून आत जात नव्हतं. मी त्या बसचं दार बघितलंय, गाय जाईल त्यातून.

मग म्हणाला, "मावशी, गोणपाटाचे तंतू कमी कसे करायचे? तिने लग्नात शिंकू नये."

बाळे, मी पाठ फिरवून चूल पुसत बसले थोडा वेळ.

तर आता आम्ही सगळं दोनदा गार पाण्यातून काढतोय. पिळत नाही, पिळलं की आकार जातो. सावलीत आडवं वाळवतोय. वाळलं की झटकायचं, मग मागून सुती अस्तर. माझ्या शिवणाऱ्या तिघी रजा टाकून आल्यात. ती न बोलणारी नवी बाईसुद्धा याच्याशी भांडायला लागली आहे. पाकळ्या सातच ठेवल्यात, त्याबद्दल बोलायचं नाही असं तो म्हणतो. चोवीसला घेऊन येतो म्हणतो. मी स्वतः बसमध्ये बसवीन.

आणि तुकड्याचं विचारलं मी. घाबरवून सोडलंस ना तिला, म्हटलं. तर तोंड वासून बघत राहिला. त्याला लिहायचं होतं "मावशीकडे जाऊन येतो". आधी महत्त्वाचा शब्द शिवून घेऊ, म्हणून शेवटचा शब्द पहिला शिवला. मागचे दोन शिवायला जागा मोकळी सोडलीय, तू बघ, डावीकडे. तेवढ्यात खिडकीतून बस दिसली.

हा असाच आहे. हे काही उसवून पुन्हा शिवता येणार नाही.

मावशी

—

४ मार्च

मावशी,

तू लग्नाला आलीस आणि जेवण होताच शेवटची बस म्हणून पळालीस, त्यामुळे पुढचं तुला कळलं नाही. थांब्यावर बसून लिहितोय. बाकाची एक फळी नाही, मधे बसलं की दुमडायला होतं.

आधी शिंकांचा हिशेब. चोवीसला मी गाठोडं घेऊन आलो तेव्हा ताई दारात उभी होती. मी ठरवून आलो होतो बरंच काही बोलायचं. ती म्हणाली, "बर्फ आणलास?" मी म्हटलं नाही, फुलं आणलीत. तिने एक उचललं, नाकाशी नेलं, आम्ही दोघंही थांबलो. नाही शिंकली. मग तिथेच पायरीवर बसून तिने एकशेऐंशीच्या एकशेऐंशी बघितली, एकेक. एकही परत दिलं नाही. मला तेवढ्यानेच राग आला पुन्हा, म्हटलं आता कसं सगळंच पसंत? तर म्हणाली, "आधीचंही पसंतच होतं." मी म्हटलं मग आधी म्हणायचं होतंस. मग आम्ही भांडलो. चांगलं तासभर, जे जानेवारीतच व्हायला हवं होतं. बर्फावरून, पाकळ्यांवरून, पार लहानपणी मी तिची सायकल विहिरीशी विसरलो त्यावरून. भाऊजी मधे पाणी ठेवून गेले.

लग्नात एकूण चार शिंका. त्यातली एक नेमकी फोटोत. फोटोवाला म्हणे पुन्हा काढू, ती म्हणाली राहू दे, थीमचाच भाग आहे. साठ फुलं जास्तीची होती, ती भाऊजींनी एका लिफ्टमध्ये लावलीत. लोक मजला विसरून बघत राहतात म्हणे.

आणि तो तुकडा. तू गेलीस तेव्हा बघितलास का, हॉलच्या बाहेर जायच्या दारावर? ताईने लावला होता, मला न विचारता. येतो. सगळे पाहुणे जाताना वर बघायचे आणि म्हणायचे, वा, काय कल्पना आहे, निरोपाची पाटी. एक आजोबा तर प्रत्येकाला थांबवून वाचून दाखवत होते. कोणी विचारलं, डावीकडे एवढी मोकळी जागा का? ताई म्हणाली, "कारागिराची शैली आहे."

आज निघालो. घड्याळवाल्याला लिहिलं होतं, तो म्हणतो ये, बघू तुझा हात. तीन थांबे पुढे आहे फक्त. पिशवी घेतली आणि तू सांगितलं होतंस तसं केलं. ताईसमोर जाऊन उभा राहिलो, डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "ताई, जातो."

मला वाटलं रडेल. तिने पाठीत एक धपका घातला. "जातो म्हणतात का, मूर्खा? येतो म्हण."

"मावशीने सांगितलंय येतो म्हणायचं नाही म्हणून."

"मावशीला काय कळतं? म्हण."

मावशी, तो एवढासा शब्द, हजारदा फेकून दिलाय मी दारादारांतून. आज तोंडातून निघेना. ती हात कमरेवर ठेवून उभी. शेवटी म्हणालो. म्हणताना मीच शिंकलो. ती हसली, म्हणाली, गोणपाट तर धुतलंय, मग तुला काय झालं? मी म्हटलं, लग्नाची सर्दी.

दाभण तिच्याकडे ठेवून आलोय. रागावू नकोस, हरवलेलं नाही. तो तुकडा आता मागच्या खोलीत तक्त्यावर आहे आणि दाभण त्याच्या डाव्या बाजूला टोचून ठेवलंय, लाल सुतळी ओवून. ती म्हणाली, पुढच्या रविवारी ये आणि मागचे दोन शब्द पुरे कर, भिंतीवर असं अर्धवट बघवत नाही.

रविवारी एक शब्द शिवीन म्हणतो. दुसरा त्याच्या पुढच्या.

भिरभिरं